अर्धे सुरुंग

डबी अंगणात बसली त्या दिवसापासून त्या घरातली माणसं मांजराच्या पावलांनी चालायला लागली.

डबी म्हणजे तरी केवढी? जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी. तिच्यातून एक काळी वायर निघायची आणि खाणीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी मातीत पुरलेल्या लोखंडी गोळ्याला जाऊन भिडायची. कचेरीतून आलेल्या मोजणीवाल्यानं ती बसवली, उन्हाला आडोसा म्हणून वर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर दगड ठेवला. "हिला लॉगर म्हणतात," तो म्हणाला. "जमीन कधी हलली, किती हलली, ते ही आपलं आपण टिपून ठेवते. मी परत येईन, लॅपटॉप जोडीन आणि सगळं काढून घेईन. तोवर इथे जवळपास आदळआपट करू नका, म्हणजे झालं."

घरातल्या सुनेनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. धुणं ती अंगणात आपटायची, ते आता पार ओढ्यावर न्यायला लागली. शेळीची खुंटी उपटून कुंपणापलीकडे ठोकली. खलबत्ता परसात, चिंचेखाली गेला. सासऱ्यांच्या काठीच्या टोकाला तिनं चिंध्यांचा गोळा बांधला. ते पाहून म्हातारा म्हणाला, "काठीला पण पाय मुरगळला का गं?" आणि आपल्याच विनोदावर मोठ्यानं हसला. नवरा कामावरून आला आणि सवयीनं घमेलं खाली टाकायला गेला, तर तिनं धावत येऊन ते वरच्या वर धरलं.

"टाकू नका हो. ठेवा."

"एवढ्याशानं काय होतंय?"

"होवो न होवो. उद्या कोणी म्हणायला नको, हादरे घरातलेच आहेत म्हणून. आपल्याकडून खोट नको."

नवऱ्यानं घमेलं ठेवलं. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं ठेवलं आणि तोंड धुवायला निघून गेला. तिच्या तोंडाकडे बघायचं त्यानं टाळलं.

त्याला खाणीवर सगळे बत्ती म्हणत. सुरुंगाला बत्ती द्यायचं काम त्याचं. आता खरी बत्ती द्यावी लागत नव्हती. वायर जोडायची, लांब जाऊन बटण दाबायचं, संपलं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. पहाटे ड्रिलवाले कातळात भोकं पाडून ठेवत. हा त्यांत स्फोटकाच्या कांड्या सोडायचा, वरून ओली माती लाकडी दांड्यानं हलक्या हातानं दाबायचा, वायरी जुळवायचा. त्या कांड्यांच्या वासानं संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. दिवसभर दारू भरतो आणि एक थेंब पीत नाही, अशी त्याची चेष्टा व्हायची.

काम त्याला बापाकडून आलं होतं. आबा जुने विहीर खोदणारे. जन्म कातळाच्या पोटात गेला, कान तिथेच राहिले. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्द पोचत. विहिरींतून निघालेला दगड वाहून आणूनच त्यांनी हे घर बांधलं होतं. तेव्हा खाण नव्हती, नुसती टेकडी होती. खाण आली, टेकडी खाता खाता घराच्या दिशेनं सरकली. मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं. पावसाआधी खडी हवी म्हणून रोज सुरुंग, रोज हादरा. भिंतीला आधी केसाएवढी चीर पडली. नंतर तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

तक्रार बायकोनं केली. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते तिला ठाऊक होतं. उन्हातान्हात ती कचेरीत गेली, बाकावर बसली, उद्या या म्हटल्यावर उद्या गेली. तिथला शिपाई तिला "भिंतवाल्या बाई" म्हणायला लागला. शेवटी साहेब कंटाळला म्हणा, त्याला दया आली म्हणा, मोजायचं ठरलं.

ज्या दिवशी डबी बसली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मुकादमानं बत्तीला कॉम्प्रेसरच्या आडोशाला बोलावलं.

"काय रे, घरी पाहुणा आलाय म्हणे."

"कोण?"

"कोण म्हणजे? ती डबी." मुकादम हसला. माणूस तसा वाईट नव्हता, कोणाचा हात ठेचला तर आपल्या गाडीवरून दवाखान्यात न्यायचा. "पाहुणा आहे तोवर घरात आवाज कमी. दर भोकात अर्ध्याच कांड्या. वर माती."

"दगड नीट फुटणार नाही."

"न फुटो. मोठे धोंडे निघतील, घणानं फोडून घेऊ. पाहुणा काय जन्माला पुरतोय?" आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, "हे मालक बोलले नाहीत, मीही बोललो नाही. तुला आपलं सुचलं."

बत्तीनं मान हलवली. खाणीत यंत्रांच्या घरघरीत तोंडाचं काम मानेनंच करायचं असतं. ती सवय अशी अंगात मुरते की माणूस नको तिथेही मान हलवतो.

त्या दिवसापासून सुरुंग नरम उडायला लागले. धूळ उठायची, पण आवाज पोत्यात बांधल्यासारखा यायचा. कातळ फुटायच्या ऐवजी उसवायचा. बैलाएवढे धोंडे सुटून पडायचे आणि घणवाले उन्हात ते फोडत बसायचे. "बत्ती विझली काय रे?" म्हणून शिव्या घालायचे. त्यांच्या हातांचे फोड बघवेनात, तेव्हा आपलं काम आटोपल्यावर बत्ती स्वतः घण घेऊन त्यांच्यात जाऊन बसू लागला. कोणी सांगितलं नव्हतं. घरी यायचा तेव्हा खांदे उचलत नसत.

"घाबरले बघा," बायको ताटात वाढता वाढता म्हणायची. "डबी आली आणि सुतासारखे सरळ झाले. आज तर भांडंसुद्धा वाजलं नाही मांडणीवरचं."

"हं."

"हं काय? मी तेव्हाच म्हणत होते ना, मोजलं की कळेल म्हणून."

तो खाली मान घालून जेवायचा. कधी कधी घास हातातच राहायचा. सांगावं, असं त्याला रोज वाटायचं. पण सांगून पुढे काय? ही उठून कचेरीत जाणार, आणि दुसऱ्या दिवशी खाणीत बटणावर दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा. काम दुसरीकडे नव्हतं असं नाही. लांब होतं. म्हाताऱ्याला नेता येत नव्हतं, ठेवता येत नव्हतं. गेलं तर घर सोडून जावं लागणार, आणि घरासाठीच तर हा सगळा खटाटोप. बैल घाण्याभोवती फिरावा तसं त्याचं मन त्याच जागी परत यायचं.

मध्ये खाणीला एक सुट्टी मिळाली. त्या दुपारी चहा पिताना भिंतीतून मातीची धार लागली. बघता बघता खाणीकडची बाजू पोटुशीसारखी बाहेर फुगली. आबा त्याच भिंतीला टेकून पडले होते. दोघांनी त्यांना बाजेसकट ओढून अंगणात आणलं. मग तो धावत जाऊन जुन्या छपराचा वासा घेऊन आला, भिंतीला तिरपा टेकू लावला आणि खाली पाचर घातली. पाचर ठोकल्याशिवाय टेकू धरेना.

"ठोकू का?" घण हातात घेऊन त्यानं विचारलं. डबी तिथून चार हातांवर होती.

बायकोनं टोपलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर काढून तिनं पाचरीच्या डोक्यावर घडी करून ठेवला आणि पाचर स्वतः दोन्ही हातांनी धरली. "हळू ठोका," ती म्हणाली. "पण बसेल असं ठोका."

त्यानं ठोकली. पदराला भोक पडलं, भिंत थांबली. दोघं तिथेच मातीत बसून राहिली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्या खांद्याला टेकली. तेवढ्यापुरतं त्यालाही वाटलं, की थांबलीच आहे भिंत.

मोजणीवाला परत आला तो भर उन्हात. सोबत मुकादमही होता, आपणहून आलेला. "खाणीतर्फे कोणीतरी हवं ना," म्हणाला. रस्त्यावर जीप उभी करून मोजणीवाला खांद्याला बॅग लावून पायवाटेनं आला. तरुण होता, नाकावर ऊन लागून साल निघालेली. बायकोनं अंगण झाडून ठेवलं होतं. तिनं स्वतः दगड उचलला, टोपली उचलली. आत डबी होती तशी होती, फक्त अंगावर खाणीच्या धुळीचा बोटभर थर.

"छान सांभाळलीत," मोजणीवाला म्हणाला. तिचा चेहरा असा उजळला की बत्तीनं तोंड फिरवलं.

मोजणीवाल्यानं मांडी घातली, लॅपटॉप उघडला. उन्हात पडद्यावर काहीच दिसेना, त्याचंच तोंड दिसायला लागलं. "आडोसा मिळेल का काहीतरी?" त्यानं विचारलं. घरात बसावं तर डबीपासून तिथवर वायर पोचत नव्हती. बायकोनं जाड गोधडी आणली. मोजणीवाल्यानं ती लॅपटॉपसकट डोक्यावरून घेतली आणि आतून आवाज आला, "कोणीतरी आत या. वायर धरायला लागेल, इथलं तोंड सैल झालंय."

मुकादम पुढे सरकला, पण त्याच्या पोटानं गोधडीत जागा उरली नसती. बत्ती गेला.

आत भट्टी होती. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. मोजणीवाल्यानं डबीच्या बुडाशी असलेलं रबरी झाकण उचकटलं. आत धूळ. त्यानं फुंकर मारली, रुमालाचं टोक पिळून घातलं, पुन्हा फुंकर मारली. वायरीचं एक टोक डबीत, एक लॅपटॉपला. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग ओळ आली.

"यंत्र सापडत नाही म्हणतोय," मोजणीवाला पुटपुटला.

बत्तीला वाटलं, न सापडो. धूळ गेली असेल आत, मुंग्या गेल्या असतील, काहीही होवो. पुसलं जाऊ दे सगळं. पुन्हा मोजायला लागेल, पुन्हा मोजताना काय ते बघू.

"काय झालं हो?" बाहेरून बायकोचा आवाज. "बिघडली का? मी हातसुद्धा लावला नाही तिला."

"नाही नाही, होईल." मोजणीवाल्यानं वायर काढली, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावली. चक्र फिरलं. सापडत नाही. त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. ते चालू होईपर्यंत दोघं अंधारात एकमेकांचा श्वास ऐकत बसले. मोजणीवाल्याच्या हनुवटीवरून घाम बटणांवर टपकत होता. गोधडीच्या काठाखालून बत्तीला मुकादमाचे बूट दिसत होते, आणि त्यांच्या पलीकडे बायकोचे अनवाणी पाय. तिच्या पायांची बोटं मातीत रुतली होती.

आता सांगावं. इथे कोणाला ऐकू जाणार नाही. दोन शब्द, अर्धे भरले. बूट जरासे हलले.

"आता वायर वरच्या बाजूला रेटून धरा," मोजणीवाला म्हणाला. "अशी. हलवू नका."

त्यानं रेटली. टिंग असा आवाज झाला. "सापडलं!" पोरासारखा आनंद झाला मोजणीवाल्याला. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. "उतरतंय सगळं. एवढं उतरेपर्यंत धरून ठेवा."

पट्टी निम्म्यावर आली आणि बत्तीनं अंगठा ढिला सोडला. मुद्दाम सोडला. पट्टी थांबली.

"हलली का?"

"हाताला घाम आला."

"असू दे." मोजणीवाल्यानं शांतपणे पुन्हा सुरू केलं. "कितीदा तुटलं तरी डेटा कुठे जात नाही. डबीत पक्का बसलेला असतो. पुन्हा धरा."

त्यानं पुन्हा धरली. या वेळी पट्टी टोकाला गेली.

गोधडी बाजूला झाली तेव्हा ऊन थंड वाटलं. लॅपटॉप ओट्यावर सावलीत ठेवून मोजणीवाल्यानं सगळ्यांना दाखवलं. पडद्यावर आडवी रेघ होती, तिच्यावर मधून मधून काटे उभे राहिलेले, बोरीच्या फांदीला असतात तसे. त्यांच्या बऱ्याच वर एक लाल रेघ.

"हे काटे म्हणजे सुरुंग," तो म्हणाला. "ही लाल रेघ म्हणजे मर्यादा. तिच्या वर गेलं तर घराला धोका."

बायको वाकून बघत होती. तिला वाचता येत होतं, पण इथे वाचण्यासारखं काही नव्हतं. काटे लहान होते, लाल रेघ त्यांच्यापासून लांब होती. ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"म्हणजे?" तिनं तरी विचारलं.

"म्हणजे सगळं मर्यादेच्या आत आहे. बरंच आत."

"असं कसं? भिंत बघा ना तुम्ही."

"भिंत दिसते, बाई. पण मला ही डबी सांगेल तेच लिहायचं." मोजणीवाल्यानं बोटानं रेघ पुढे सरकवली आणि थांबला. "हे काय? हा एकच मोठा आहे. लाल रेघेला जवळजवळ लागलाय. ओळीनं चार-पाच ठोके. या दुपारी काय होतं?"

त्यानं दिवस सांगितला.

"त्या दिवशी खाण बंद होती," मुकादम चटकन म्हणाला. "सुट्टी होती. विचारा कोणालाही."

मग बायकोच म्हणाली, "यांनी टेकू ठोकला. मी पाचर धरली होती."

मोजणीवाल्यानं भिंतीच्या टेकूकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं. लिहून घेतलं. मुकादमाला हसू आवरलं नाही. "बघा म्हणजे! घर पाडतंय कोण, खाण की घरमालक?"

आबा इतका वेळ बाजेवर बसून सगळ्यांची तोंडं बघत होते. त्यांनी सुनेचा हात ओढला. "काय म्हणतंय गं मशीन?"

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "म्हणतंय, हादरे लहान आहेत!"

"लहान असणारच!" म्हातारा ओरडला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. "हा अर्धेच भरतोय! माझ्या तळपायाला कळतंय. डबी बसल्यापासून एक सुरुंग भरून उडवला नाही यानं. मी म्हणतो, दगड कसा फुटत असेल?"

कुंपणापलीकडे शेळी चघळत होती. मोजणीवाल्यानं मान वर केली.

"काय म्हणतायत आजोबा?"

तो बत्तीकडेच बघत होता. मुकादमही बघत होता, खिशात हात घालून, गालात हसू तसंच ठेवून. आणि बायको बघत होती.

"वय झालंय त्यांचं," बत्ती म्हणाला. "ऐकू येत नाही. काहीतरी बोलतात."

"अजून विहिरीतच आहेत आजोबा," मुकादम म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर प्रेमानं थोपटलं. आबांना वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्यांनी मुलाकडे बघून मान डोलावली, आता तू सांग, अशी. मुलगा वाकून वायरीची गुंडाळी करत होता.

मोजणीवाल्यानं जमिनीतला गोळा उपटला, डबी बॅगेत घातली. मुकादम आपल्या गाडीवरून पुढे गेला. बत्तीनं मोजणीवाल्याची बॅग उचलली आणि जीपपर्यंत त्याच्यामागून चालत गेला. रस्त्यावर आल्यावर बॅग खाली ठेवताना त्याच्या तोंडून निघालंच.

"साहेब, आबा खोटं नाही बोलले."

मोजणीवाला जीपचं दार उघडता उघडता थांबला. त्याला फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "कोणी भरले अर्धे?"

"मीच."

"कोणी सांगितलं?"

बत्ती खाणीच्या दिशेला बघत राहिला.

"हे बघा," मोजणीवाला हळू आवाजात म्हणाला, "मी मोजणारा माणूस. पण तुम्ही लिहून दिलंत, सही केलीत, तर मी ते साहेबांपुढे ठेवतो. कोणी सांगितलं, कोणी भरले, सगळं लिहावं लागेल. कागद आहे माझ्याकडे."

"लिहून दिलं तर डबी परत लावाल?"

"ते माझ्या हातात नाही. डबी एकच आहे. उद्या ती एका पुलावर जायची आहे. साहेबांना पटलं तर परत येईल. कधी, ते नाही सांगता येत."

"आणि तोवर?"

मोजणीवाल्यानं साल निघालेलं नाक चोळलं. त्यानं खरंच कागद काढला, पेन काढलं, जीपच्या नाकाडावर ठेवलं आणि थांबला. घाई केली नाही. बत्तीला लिहिता येत होतं, अडचण ती नव्हती. पेन तापलं होतं. ते त्यानं हातात घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"बरं," मोजणीवाला म्हणाला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. जीप गेली, तिची धूळ बराच वेळ रस्त्यावरून हलली नाही.

घरी आला तेव्हा बायको डबीचा खड्डा बुजवत होती. माती लोटून ती पायानं दाबत होती, धप्‌ धप्‌ आवाज करून. त्यानं फावडं घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही.

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"सांगून काय केलं असतंस?"

तिनं जरा विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "पाय आपटत चालले असते."

रडली असती, भांडली असती, तर त्याला बोलायला तोंड मिळालं असतं. तिनं आबांच्या काठीची चिंधी सोडली, शेळी परत अंगणात आणून बांधली, आणि धुण्याचा पिळा घेऊन दगडावर आपटायला बसली.

सकाळी तो मुकादमाकडे गेला. "घराकडच्या बाजूची चार भोकं आजही अर्धी ठेवू का? बाकी भरून घेतो."

"मागे किती पडलोय माहीत आहे ना? तुझ्यामुळेच." मुकादम चहाच्या कपात बघत बोलत होता. "रस्तेवाले रोज फोन करतात. आणि डबीनं तर सांगितलं, तुझ्या घराला काही होत नाही. कागदावर आलं ते. मग भीती कसली?"

"भिंत फुगलीय, मुकादम."

"मग टेकू लाव अजून एक." मग कप ठेवून, जरा मऊ आवाजात, "नसेल जमत तर तसं सांग. तुझ्या हाताखाली शिकलेले दोघं आहेत. त्यांना देतो बटण. तू घण घे."

बत्तीनं पाहिलं, ते दोघं कांड्यांच्या खोक्यापाशी उभे होते. त्यांतल्या एकाला अजून माती दाबताना दांडा हळू धरायचं भान नव्हतं. तो असा भरायचा की दगड कुठेही उडावेत. घरावर कोणाच्या हातचा सुरुंग चालेल, एवढंच निवडायचं बाकी राहिलं होतं.

"मीच भरतो," तो म्हणाला.

त्यानं भरले. हाताला सवय होती तसे, पूर्ण. घराकडच्या भोकांत मात्र माती जरा जास्त मायेनं दाबली, तेवढ्यानं काही होत नाही हे ठाऊक असून. वायरी जोडल्या. ऊन डोक्यावर आलं, माणसं यंत्रं सोडून लांब गेली, रस्त्यावर लाल फडकी घेऊन दोघं उभे राहिले. बत्ती कड्यावरच्या खोबणीत बसला, बटण मांडीवर घेऊन. तिथून त्याचं घर दिसायचं, आगपेटीएवढं.

पहिली शिट्टी झाली. घराच्या दारातून आबांची बाज बाहेर यायला लागली. एकटीच ओढत होती बायको. बाज उंबऱ्याला अडली, तिनं मागे जाऊन उचलली, पुन्हा पुढे येऊन ओढली. म्हातारा बाजेवर बसूनच होता, हातवारे करत होता. दुसऱ्या शिट्टीला बाज चिंचेखाली पोचली. मग ती वळली आणि परत घरात शिरली.

तिसरी शिट्टी झाली.

"दाब," मागून मुकादम म्हणाला.

दार रिकामं होतं.

"अरे दाब ना! फडकी लागलीत, गाड्या थांबल्यात."

"एक मिनिट."

"आता कसलं मिनिट?"

मुकादमानं तो कुठे बघतोय ते पाहिलं. दोघं एका दाराकडे बघत राहिले. बत्तीच्या अंगठ्याला कळ लागली होती.

ती बाहेर आली. कडेवर पाण्याची घागर होती. भरलेलं पाणी तेवढं वाचवायला गेली असावी. घागर तिनं बाजेजवळ ठेवली, पदरानं तोंड पुसलं. मग ती अंगणाच्या मधोमध आली, खाणीकडे तोंड करून उभी राहिली. एवढ्या लांबून तिला तो दिसणं शक्य नव्हतं. नुसता कडा दिसत असणार. तरी तिनं कड्याकडे बघून हात वर केला, रस्त्यावरचे फडकंवाले करतात तसा, सरळ, सगळं मोकळं झालं असं सांगणारा, आणि तसाच वर धरून ठेवला.

त्यानं बटण दाबलं.